निळ्या कडीचा कोंबडा
भिजवलेल्या मक्याच्या भरड्याचा वास आला, की आष्ट्याच्या आमच्या परसातली ती सकाळ आठवते. कमी खाऊन जास्त वजन धरणारे कोंबडे पैदाशीला ठेवायचे, म्हणून मी एकेकाला वेगळं कोंडून खाद्य तोलून घालत होते आणि संध्याकाळी उरलेलंही तोलत होते. पायात निळी कडी असलेला कोंबडा सगळ्यांत सरस निघाला होता. त्या दिवशी मिलिटरीतले दीर रजेवर यायचे होते. मी दळण घेऊन परतले, तर निळ्या कडीचा पिंजरा उघडा! सासूबाईंनी त्याचे पाय धरले होते, सासरे सुरी घासत होते. "आवं, थांबा! त्यो नको!" मी ओरडले. "अगं, रोज खायाचं टाकतोय, दुखणाईत हाय. मरायच्या आत कापू," सासूबाई म्हणाल्या. सुरी मानेला टेकली. "आत्ती, एकदा तोलून तर बघा!" सासूबाईंनी तो उचलला, मग शेजारच्या पिंजऱ्यातला खादाड उचलला, पुन्हा तो उचलला. "लय जड हाय की गं ह्यो!" सुरी खादाडाकडं वळली. आज परसभर निळ्या कडीवाल्याचीच पिल्लावळ आहे, आणि सासूबाई येईल त्याला ऐकवतात, "दुखणाईत कोंबडा हुता, म्या वाचिवला."