वृंदाताईचं पान

गाव सोडलं त्या सकाळी बाबांनी माझ्या हातात ताईची बॅग दिली. माझी अशी वेगळी बॅग नव्हतीच. ही निळी बॅग ताईला मुंबईकडच्या स्थळाला दाखवायला न्यायचं म्हणून चिपळूणहून आणलेली. ती वापरायची वेळ आलीच नाही. बाविसाव्या वर्षी ताई तापाने गेली, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आईने माझ्या हातावर दही घातलं आणि म्हणाली, "पोचलीस की दोन ओळी टाक." एसटी वळेपर्यंत ती माझ्याकडे नाही, बॅगेकडे बघत होती. तुम्हा गावच्या मंडळींपैकी जे तेव्हा थांब्यावर होते त्यांना आठवत असेल.

डोंबिवलीला मावशीच्या दोन खोल्यांत आम्ही सहाजण. बॅग पलंगाखाली. ठाण्यात नौपाड्याला एका दवाखान्याच्या वर कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथे मी टायपिंग शिकायला गेले. सर म्हणाले, टायपिंगचे दिवस संपले, एचटीएमएल शीक. म्हणजे इंटरनेटवरची पानं ज्या खुणांनी लिहितात ती भाषा. शब्दाच्या अलीकडे-पलीकडे टोकदार कंसात खूण टाकली की शब्द ठळक होतो, मध्यभागी येतो, त्याचा तक्ता होतो. आपल्या गावात तेव्हा टेलिफोनची तारसुद्धा पोचली नव्हती आणि मी अमेरिकेत दिसेल असं पान लिहायला शिकत होते. हसू नका, मला तेव्हा फार भारी वाटायचं.

सरावाला प्रत्येकाने आपापला मजकूर आणायचा होता. बरोबरची मुलं वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतून नटबोल्टचे कॅटलॉग आणायची. माझ्याकडे काय असणार? बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक घडी घातलेला कागद सापडला. बाबांच्या अक्षरात ताईची माहिती: नाव, वय बावीस, उंची, शिक्षण, स्वयंपाकाची आवड, गावचा पत्ता. तोच मी टाइप केला. इंग्रजीत, कारण तेव्हा पानावर मराठी उमटवणं जिकिरीचं होतं. फोटोसाठीही खूण टाकली, पण फोटो नव्हता, म्हणून त्या जागी रिकामा चौकोन यायचा. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

क्लास संपल्यावर जवळच्याच एका वधूवर सूचक मंडळात नोकरी लागली. मंडळ एक बाई चालवायच्या, सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. त्यांचं म्हणणं, परदेशातल्या मुलांना फायली कोण पाठवत बसणार, त्यांना मुली नेटवरच दाखवायच्या. मी प्रत्येक मुलीचं पान करायचे. आणि पान नव्याने कोण लिहितं? आमच्या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं. जुन्या पानाची नक्कल काढायची, नाव-गाव-फोटो बदलायचा आणि मोकळं व्हायचं. जुनं पान म्हणजे ताईचं.

तीन-चार महिन्यांनी वहिनींनी विचारलं, "अगं, ही वृंदा कोण? तिसरा मुलगा तिची चौकशी करतोय. आपल्या रजिस्टरला तर वृंदा नाही."

मी कॉम्प्युटर लावला. पहिली मुलगी पनवेलची, हसरी. तिच्या फोटोच्या वर, खिडकीच्या अगदी माथ्यावरच्या निळ्या पट्टीत लिहिलेलं होतं, वृंदा. दुसरी कल्याणची. वर वृंदा. नाशिकची, साताऱ्याची, सगळ्यांच्या डोक्यावर वृंदा. पट्टीतलं नाव पानावर दिसत नाही, ते वेगळ्या खुणेत असतं. ते बदलायचं मी एकदाही लक्षात ठेवलं नव्हतं. साठेक अनोळखी मुली माझ्याकडे बघून हसत होत्या आणि प्रत्येकीला माझ्या बहिणीचं नाव होतं. वहिनींना म्हटलं, चूक झाली, सुधारते. वृंदा कोण ते सांगितलं नाही.

नावं बदलून झाली त्याच आठवड्यात बाबांचं कार्ड आलं. "वृंदासाठी परदेशातून पत्र आलं आहे. मुलगा इंजिनीयर आहे. तुझ्या आईने पत्रिका काढून ठेवली आहे. काय कळवू?"

मी ते कार्ड कितीदा वाचलं असेल. मग शोधत गेले. पानाच्या तळाशी 'मागचं' आणि 'पुढचं' अशी दोन बटणं असायची. पनवेलच्या मुलीच्या पानावर 'मागचं' दाबलं आणि समोर आली ताई. रिकामा चौकोन, वय बावीस, गावचा पत्ता. नमुन्याचं पान मी फोल्डरमध्ये तसंच ठेवलेलं, बाकीच्यांबरोबर तेही नेटवर गेलेलं. कोणीतरी मागे मागे जात तिच्यापर्यंत पोचलं होतं. गावी आई पत्रिका उशाशी घेऊन बसली असेल. मी हे काय करून ठेवलं होतं?

वहिनींना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्या मुलाला त्यांनी स्वतः खरं काय ते कळवलं. मी बाबांना लिहिलं, चूक माझी आहे, पान पुसून टाकते, आईला सांभाळा. उत्तर आलं नाही, बाबाच आले. धोतर-टोपीत, हातात छत्री, मंडळाच्या जिन्यात चपला काढून. म्हणाले, "मला दाखव."

मी ताईचं पान लावलं. चष्मा लावून त्यांनी एकेक ओळ बोटाने वाचली. पत्त्याशी थोडे थांबले. मी म्हटलं, "बाबा, पुसते." माझं बोट बटणावर होतं.

"पुसू नको," ते म्हणाले. "लोकांना दिसतं ते बंद कर. आणि वय बदल. पंचवीस चालू आहे तिला." मग खालच्या आवाजात, "आईसाठी एक छापून दे. तिला ठाऊक आहे गं सगळं. पण अडीच वर्षांत वृंदासाठी काही करायला मिळालं नव्हतं तिला."

तो छापील कागद आईने पत्रिकेच्या पाकिटात ठेवला. पुढे दर श्रावणात, ताईच्या वाढदिवसाच्या सुमाराला, आईचं कार्ड यायचं. दोनच ओळी. आम्ही बरे आहोत. ताईचं वय बदललंस का?

मी बदलायचे. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राईव्हवर ते पान माझ्याबरोबर डोंबिवलीहून ठाण्याला आलं, मग माझ्या संसारात आलं. आई गेली, बाबा गेले, गावच्या घराला कुलूप आहे. तुम्ही विचारता, गणपतीला का येत नाहीस? तिथे आता मला हाक मारणारं कोणी नाही. इथे सोसायटीत, ऑफिसात मी सगळ्यांत मोठी. सून मला विचारून कुकर लावते.

यंदाही श्रावणात पान उघडलं. फोटोच्या जागी अजून रिकामा चौकोन आहे. मी वयाच्या खुणेत बावन्न लिहिलं. मला एकोणपन्नास चालू आहे. म्हणजे ताई अजून माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, आणि मी धाकटी आहे असं घर अजून एक उरलं आहे.