पेटीजवळ कोण होतं

माझ्या सासऱ्यांना गावात विमानवाले भागोजी म्हणतात. विमान त्यांनी कधी चालवलं नाही. फौजेच्या मालवाहू विमानावर ते लोडमास्टर होते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते मोठं पद वाटलं होतं. त्यांनीच समजावलं, "प्रणाली, टेम्पोवर माल चढवणारा क्लीनर असतो ना, तसा मी. फक्त आमचा टेम्पो उडायचा."

माल चढवायचा, जड-हलकं वाटून लावायचं, साखळ्यांनी बांधायचं आणि डोंगरातल्या चौक्यांवर वरून टाकायचं, हे त्यांचं काम. ती सवय अजून गेलेली नाही. रेवदंड्याहून तांदळाचं पोतं आणलं तर रिक्षावाल्याला ते कुठं ठेवायचं हे मामाच सांगतात, आणि दोरी दोनदा ओढून बघतात. (सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात.) कुठलीही वस्तू दारात आली की त्यांचा पहिला प्रश्न एकच, "वजन किती?" आत काय आहे ते नंतर. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातही त्यांनी आधी तेच विचारलं. आम्ही सगळे हसलो होतो.

आमच्या शेजारी आवडामावशी राहतात. त्यांचा एकुलता एक गणराज पायदळात होता. बर्फाचा कडा कोसळला त्यात गेला. तेव्हा मामा निवृत्त होऊन घरीच होते. गणराजला विमानानं मुंबईला आणलं आणि तिथून गाडीनं गावात. सगळं आटोपल्यावर मावशींनी मामांना एकच विचारलं, "येवढ्या लांबून माजा पोर एकटाच आला का हो?"

मामा म्हणाले, "एकटा न्हाय, आवडाबाय. लोडमास्टर पेटीजवळ उभा रहातो. विमान उतरेपर्यंत बसत न्हाय. तसा नियमच हाय."

ते वाक्य मावशींनी धरून ठेवलं. चौलच्या रामेश्वराला आम्ही सोमवारी बरोबर जातो, तिथं कुणी नवीन बाई भेटली की मावशी सांगतात, माझ्या गणराजच्या उशाशी एक माणूस सबंध वाटभर उभा होता. मीही ते ऐकून हात जोडले आहेत. देवानं त्या बाईला तेवढं तरी दिलं, असं मला वाटायचं.

दर वर्षी दिवाळीनंतर मामांचे दोन जुने सोबती आमच्याकडे जेवायला येतात. थळचे दिनानाथकाका विमानावर इंजिनाचं बघायचे, आणि उरणकडचे हिरामणकाका बिनतारी संदेशाचं. तिघांचेही कान इंजिनाच्या आवाजानं गेलेले, त्यामुळे ओटीवर बोललेलं सगळं मागच्या परसापर्यंत ऐकू येतं. सासूबाई गेल्यापासून त्या दिवशी मावशी माझ्या मदतीला येतात. यंदाही आल्या. मी भाकऱ्या थापत होते, त्या हलवा माशाच्या तुकड्या तळत होत्या.

बाहेर नेहमीचंच चाललं होतं. मिठाची पोती दुहेरी कशी शिवायची, आतलं फुटलं तरी बाहेरचं धरून ठेवायचं. हिरामणकाकांचं घर मिठागरवाल्यांचं, ते म्हणाले, "आमच्या बापानं मीठ पिकवलं आनि आमी ते आभालातून फेकलं. बापाला सांगलं तर म्हनं, मस्ती आलीय तुमाला."

मग बकऱ्यांची गोष्ट निघाली. चौकीवर ताजं मटण मिळावं म्हणून जिवंत बकऱ्या हवाई छत्री बांधून सोडायचे.

"एक बोकड भागोजीला सोडीच ना," दिनानाथकाका म्हणाले. "शर्ट दातात धरला. आमी म्हनलं, दोगं बी जा, चौकीला बदल व्हईल."

"शर्ट नवा होता," मामा म्हणाले.

"बोकडाला म्हाईत होता ना."

मावशी कढईपाशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला अजून तो चेहरा दिसतो.

तेवढ्यात दिनानाथकाकांनी आवाज चढवून विचारलं, "आनि रे भागोजी, ती रमी आठवते का? पेटीवरची?"

मामा म्हणाले, "ती नको."

त्यांना ऐकू गेलं नसावं. किंवा रंगात आले होते. ते सांगत सुटले. वरच्या एका धावपट्टीवर हवा बिघडून उड्डाण बंद झालं होतं, ढग उठेपर्यंत विमानातच बसून राहायचं होतं. थंडी अशी की बोटं वळेनात. मधोमध ताडपत्रीत गुंडाळलेली एक लांब पेटी बांधलेली होती, यंत्राच्या सामानाबरोबर. तिच्यावर घोंगडी टाकून तिघांनी पत्ते मांडले. पुष्कळ वेळानं फौजेचा एक सुभेदार फुलांचा हार घेऊन आत आला, आणि पत्ते बघून दारातच थांबला.

"ह्यानं सोता बांधलेली पेटी," दिनानाथकाका म्हणाले. "सोता साखळी ओढून बगितली. वजन विचारलंन, आत काय ते विचारलं न्हाय. मुडद्यावर रमी."

हिरामणकाका हसले. ते हसणं वाईट माणसाचं नव्हतं. ज्यांनी अशा पेट्या खूप वाहिल्या, त्यांना त्याशिवाय बोलता येत नसावं, असं मला आज वाटतं. पण त्या वेळी माझे हात पिठात तसेच राहिले.

दिनानाथकाका पुढं म्हणाले, "तवापास्नं हा येडा झाला. पेटी असली की उभाच. खाली बस म्हनलं तरी बसायचा न्हाय. दुसरा कोन लोडमास्टर उभा रहातो सांग? सगले त्याच पेटीला पाय लावून झोपतात."

मावशींनी झारा ताटलीत ठेवला. गॅस बंद केला. मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी तो हलकेच सोडवला आणि पदरानं हात पुसत ओटीवर गेल्या.

त्यांना बघून हिरामणकाका खुर्चीतून उठले. गणराजचं त्यांना माहीत होतं. मावशी आल्याचं दिनानाथकाकांच्या उशिरा लक्षात आलं, आणि आल्यावर ते जमिनीकडे बघत राहिले.

मावशींचा आवाज चढला नाही. त्यांनी मामांना विचारलं, "नियम हाय म्हनला होता तुमी."

मला वाटलं, आता मामा म्हणतील की दिनानाथ थट्टा करतोय. तेवढं म्हटलं असतं तर त्या बाईनं ऐकलं असतं. तिला ऐकायचंच होतं. मीही मनात देवाला म्हणत होते, म्हणू दे मामांना.

"नियम न्हाय," मामा म्हणाले. "मी उभा रहायचो. मला लाज वाटायची म्हनून. तुमी विचारलंत तवा मी माजंच सांगलं."

"मंग माज्या गणराजच्या जवल कोन होता?"

"मला म्हाईत न्हाय, आवडाबाय."

दिनानाथकाका पुटपुटले, "वयनी, मी उगाच बोललो, तसं सगलीकडं नसतं." त्यांच्याकडे मावशींनी पाहिलं नाही. त्या मामांनाच म्हणाल्या, "तुमी ज्याच्यावर पत्ते खेललात, तो कोन होता? नाव काय त्याचं?"

मामांनी दिनानाथकाकांकडे बघितलं, मग हिरामणकाकांकडे. तिघांतल्या कुणालाही नाव माहीत नव्हतं. बोकडानं धरलेला शर्ट कुठल्या रंगाचा, हे तिघांना सांगता आलं असतं.

"त्याची बी आय असंल कुटंतरी," मावशी म्हणाल्या आणि परसदारानं निघून गेल्या.

पानं वाढली, पण कुणी जेवलं नाही. दोघं काका तिथून आगरदांड्याला जाणार होते, एका सोबत्याला भेटायला. ते गेलेच नाहीत, दुपारीच आपापल्या घरी परतले. जाताना दिनानाथकाका मला म्हणाले, "पोरी, मी परत तोंड कसं दाखवू?" मलाही त्यांचा राग आला होता.

त्यानंतर मामांनी ते नाव शोधायला घेतलं. जुन्या हवाई तळावरच्या ओळखीच्या माणसांना फोन लावले. समोरचा हवापाणी विचारायचा, मामा मोठ्यानं एकच सांगायचे, "अरे, ती पेटी. हार घातलेली. कनच्या पलटणीचा होता तो?" काहींना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. एकानं विचारलं, आता इतक्या वर्षांनी कशाला? मामा म्हणाले, "तवाच विचारायचं होतं." त्या आठवड्यात त्यांनी दाढी केली नाही आणि नेहमीसारखे ओटीवर रस्त्याच्या बाजूला बसले नाहीत.

नाव मिळालं नाही. मामा स्वतः मावशींच्या अंगणात गेले. मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. मावशी सुपात वाल निवडत होत्या.

"नाव न्हाय लागलं," मामा म्हणाले.

मावशींनी वालातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाल्या, "मी रोज गणराजच्या नावानं दिवा लावते. आता त्याचा बी लावीन. नाव नसलं तरी देवाला कलंल." सूप खाली ठेवून म्हणाल्या, "तुमच्यासाटी न्हाय लावत, भागोजी."

"न्हाय," मामा म्हणाले. "माज्यासाटी नकोच."

ते परत आले आणि सरळ विहिरीकडे गेले. मावशींनी सूप उचललं आणि आत गेल्या. सोमवारी आम्ही दोघी रामेश्वराला गेलो. देवळात एक नवीन बाई भेटली, तिनं मावशींना विचारलं, मुलंबाळं काय? मावशी म्हणाल्या, "येक होता, फौजेत." त्यापुढं काही सांगितलं नाही. मी देवापुढं हात जोडले, पण काय मागायचं ते मला सुचलं नाही.