घरात घेतलं की केस गेली

"मग ती आता कुठे आहे?" मी विचारलं.

"घरी. दिघ्याला," साळवे म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. वाशीच्या माझ्या ऑफिसात साळव्यांचा घटस्फोटाचा अर्ज टाइप होऊन सहीसाठी तयार होता. साळवे नगरकडचे ख्रिस्ती, एका कंपनीत बॉयलरवर कामाला. त्यांची बायको मार्था एका लेबर कॉन्ट्रॅक्टरबरोबर निघून गेली होती. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. ख्रिस्ती जोडप्यांचा कायदा तेव्हा इंग्रजांच्या वेळचाच होता आणि नवऱ्याला घटस्फोटासाठी एकच कारण चालायचं, बायकोचा व्यभिचार. त्यातही एक मेख होती. सगळं माहीत असून नवऱ्याने बायकोला पुन्हा नांदायला घेतलं, तर त्याने माफ केलं असं कोर्ट धरतं. आम्ही याला 'कन्डोनेशन' म्हणतो. ते झालं की केस संपली.

"ती आली, की तुम्ही आणलीत?"

"मीच आनली, मॅडम. तळोज्याहून. तो कॉन्ट्रॅक्टर खोली सोडून पळाला आन् हिला कावीळ झाल्याली."

"मग दवाखान्यात ठेवायची!"

"ठेवली व्हती. डॉक्टर म्हनले, आता घरी न्या."

शेजारी त्यांचे थोरले भाऊ योहान बसले होते. ते चर्चचे पंच, आणि केसचा आग्रह मुळात त्यांचाच.

"मॅडम, ती शेजाऱ्यांकडे राहते असं लिहा ना," ते म्हणाले.

"शपथेवर?"

 यावर त्यांनी पिशवीतून बायबल काढून माझ्यासमोर ठेवलं. "होशेय, दुसरा अध्याय. हे अर्जात घाला. देवानेसुद्धा हेच केलंय."

होशेय हा संदेष्टा. त्याची बायको त्याला सोडून दुसऱ्यांच्या नादी लागली. इस्राएल लोकांनीही आपल्याशी तेच केलं, ही देवाची तक्रार तो मांडतो. मी वाचायला घेतलं. खरं सांगते, ड्राफ्टिंग अव्वल होतं. ही माझी बायको नाही, मी हिचा नवरा नाही. मी दिलेलं धान्य, तेल, चांदी हिने भलत्यांवर उधळलं. वर अंतरिम हुकूमही होता, हिची वाट काट्यांनी बंद करा म्हणून. योहानभाऊंनी तिथवर लाल पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. पण अर्जात शेवटी काय मागितलंय ते बघायची वकिलाला सवय असते. मी पुढे वाचलं. शिक्षा कुठेच नव्हती. तिला रानात नेईन, तिची समजूत घालीन, तिच्याशी पुन्हा लग्नाची बोलणी करीन, असं होतं.

मला चक्क राग आला. एवढी पक्की केस, आणि हा पक्षकार विरुद्ध पार्टीला स्वतःच आणायला निघालेला!

"योहानभाऊ, हे पुढचं वाचलंय का तुम्ही?"

"उपासनेत आम्ही तेराव्या वचनापर्यंतच घेतो. मंडळीला समज द्यायला तेवढं पुरतं."

मी साळव्यांकडे वळले. "तुम्ही तिला माफ केलंत का?"

"न्हाई. लई राग हाय. बोलत बी न्हाई तिच्याशी. पेज करून ठेवतो आन् डुटीला जातो."

"मग आणलीत कशाला?"

"माझी हाय म्हनून. राग बी आपल्याच मानसाचा येतो ना, मॅडम."

मला एकदम भरून आलं. ते दिसू नये म्हणून मी पुन्हा कायद्यावर आले. "हे कोर्टात बोललात तर केस टिकायची नाही."

"मंग नगं," साळवे म्हणाले. सही न करताच ते उठले. योहानभाऊ माझ्यावर रुसून गेले.

काही महिन्यांनी साळवे लग्नाचा दाखला परत न्यायला आले. बरोबर मार्था होती. अंगावर नुकतं कुठे मांस धरायला लागलं होतं. साळवे झेरॉक्स काढायला खाली गेले तेव्हा मी तिला विचारलं, "आता बोलतात का?"

"भांडत्यात," ती म्हणाली. "रोज समदं पयल्यापास्नं काढत्यात. मंग विचारत्यात, जेवलीस का."

तेव्हापासून ज्युनिअर वकिलांना मी सांगते. पक्षकार शांत असेल तर अर्ज लगेच टाइप करा. चिडलेला असेल तर थांबा. तो बायकोला आणायला जाण्याची शक्यता आहे.