दुधाच्या मापातलं पेट्रोल

आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, कशावरच पटकन विश्वास बसत नसे. गावच्या दूध संस्थेचे ते बरीच वर्षं अध्यक्ष होते आणि त्या खुर्चीनं त्यांना मानापेक्षा संशयच जास्त दिला होता. कॅन समोर आला की आधी वास, मग बोट, मग पाणी दाखवणारी काचेची नळी. एकदा त्यांच्या सख्ख्या चुलत्यांच्या दुधात पाणी निघालं, तेव्हा त्यांनी चारचौघांत कॅन परत पाठवला आणि ठरल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला गेले. चुलतीनं वाढलेलं वरण नुसतं पिवळं पाणी होतं म्हणे. अण्णा मुकाट्यानं जेवून आले. संस्थेत त्यांचा एकच नियम होता, ज्याचं दूध त्यानं मापायचं नाही, मापणारा दुसरा पाहिजे.

अशा माणसाला बरोबर घेऊन मी गाडी घ्यायला निघाले. हौसच माझी.

गाडी हवी होती ती मायच्या डोळ्यांसाठी. साखरेच्या आजारामुळे तिच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आली होती. औरंगाबादच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की दर महिन्याला डोळ्यांत इंजेक्शन घ्यायचं आणि खाडा करायचा नाही. खाडा झाला तर गेलेली नजर परत येईलच असं नाही. सुरुवातीच्या वाऱ्या तिनं एसटीनं केल्या. गावाहून बीड, बीडहून औरंगाबाद, तसंच परत. तिला एसटी लागायची. घरी येईस्तोवर तिचा पार लोळागोळा व्हायचा. मग एका महिन्यात ती म्हणाली, "आता दिसतंय की मला. कावून उगं हेलपाटे घालायचे?" आणि खाडा पडला. पुढच्या महिन्यात पुन्हा पडला.

ते दुष्काळाचं साल होतं. गावातली बरीच जनावरं चारा छावणीत होती, आमच्या दोन्ही म्हशीसुद्धा. पहाटे संस्थेच्या दारात कॅनांचा जो खडखडाट चाले, तो जवळजवळ थांबला होता. अण्णा तरीही वेळेवर संस्थेत जाऊन बसत आणि येईल तेवढं दूध तितक्याच कडकपणे तपासत. दर महिन्याला भाड्याची जीप करणं काही परवडणारं नव्हतं. मी बीडला शाळेत शिकवत होते, गाडी चालवायला शिकले होते. मी ठरवलं की एक लहान गाडी घ्यायची. जुनी असली तरी चालेल, पण पेट्रोल कमी पिणारी हवी. मायला मागच्या सीटवर आडवं होता आलं पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा होती.

गावाची अपेक्षा निराळी होती. अध्यक्षाच्या दारात जीपच शोभंल, असं दोघा-तिघांनी अण्णांना येऊन सांगितलं. अण्णा म्हणाले, "शोभंल, पण पाजायची कुणी?" त्या बाबतीत आम्हा बापलेकीचं एकमत होतं. पुढं कशातच झालं नाही.

आधी नवी गाडी बघू म्हणून आम्ही बीडच्या एका शोरूममध्ये गेलो. टायवाला पोरगा हसतमुख होता. ही गाडी अ‍ॅव्हरेज किती भारी देते ते त्यानं सांगितलं.

अण्णांनी विचारलं, "कुणी मापलं?"

"कंपनीनं, सर."

"म्हंजी विकनाऱ्यानंच?"

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघत होते. अण्णांनी त्याला संस्थेचा नियम समजावून सांगितला, चहा घेतला आणि आम्ही बाहेर पडलो. तसा नव्या गाडीचा हप्ता माझ्या पगारात बसणारच नव्हता, त्यामुळे मला वाईट वाटलं नाही.

मग जुन्या गाड्या सुरू झाल्या. उमापूरच्या एका बागायतदाराची पांढरी गाडी मला आवडली होती. मालकानं तिचं फार कौतुक केलं म्हणून अण्णांना ती खटकली. "चांगली हाय तर इकतोय कावून?" दुसरी गाडी बीडमधल्या एका डॉक्टरांची होती. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा माणूस पाइप लावून ती धूत होता. त्या गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग लागलेली होती. अण्णा गेटातूनच मागं फिरले. "प्यायला पानी न्हाई आन् हे गाडीला आंगूळ घालायलेत," एवढंच म्हणाले. गाडीचं दारसुद्धा उघडून बघितलं नाही. तो दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. रागापेक्षा मला पंचाईत ही झाली की त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

असे रविवार जात राहिले. गावी गेले की माय ओट्यावर बसलेली असायची. विचारलं की तेच उत्तर, "दिसतंय की मला. तुमी बगा निवांत, फसू नगा." घरात ती कशाला अडखळत नव्हती, भाकरी तशीच गोल थापत होती. कपात चहा ओतताना ती कडेला बोट धरायला लागली होती, पण त्याचा अर्थ आम्हाला तेव्हा लागला नाही.

शेवटी एक भाई भेटले. बीडला त्यांचं गॅरेज होतं, आता जुन्या गाड्यांचे व्यवहारही करत. बोलण्यात साखर. त्यांच्याकडे एक लहान, उन्हानं रंग उडालेली निळी गाडी होती. "अण्णा, नारायणगडाचा चढ अशी चढती की आतल्या मानसाच्या हातातला चहा सांडत न्हाई. अ‍ॅव्हरेज तर इचारूच नका."

"इचारत न्हाई. मापून बगतो," अण्णा म्हणाले.

भाईंना वाटलं थट्टा चाललीय. पण पुढच्या रविवारी ते ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आमच्या दारात आले, तेव्हा अण्णा हातात संस्थेचं लिटरचं माप घेऊन उभे होते. स्टीलचं, लांब दांड्याचं.

"अण्णा, हे तर दुधाचं हाय."

"म्हूनच आनलं. ह्याच्यावर सरकारी शिक्का हाय."

माय आतून ओरडली की त्या मापात पुन्हा दूध घेतलं तर मी डेअरीत येऊन बसेन. अण्णांनी ऐकलं नाही. गाडी जुन्या बनावटीची होती म्हणून हे जमलं. भाईंनी टाकीकडून येणारी नळी सोडली, बॉनेटमध्ये एक बाटली तारेनं बांधली आणि नळी तिच्यात घातली. अण्णांनी काठोकाठ एक माप पेट्रोल भरलं, डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिलं आणि नरसाळ्यातून बाटलीत ओतलं. मग आत वाकून मीटरवरचा किलोमीटरचा आकडा पाठ केला. बाटली संपून गाडी जिथं थांबेल तिथवरचं अंतर, तेच खरं अ‍ॅव्हरेज. शेजारपाजारचे लोक गोळा झाले होते. मला तोंड लपवावंसं वाटत होतं.

एवढ्यानंही भागलं नाही. रिकाम्या गाडीचं अ‍ॅव्हरेज काय कामाचं, भरलेल्या गाडीचं पाहिजे, असं अण्णांनी काढलं. मी चालवणार, भाई माझ्या शेजारी, अण्णा मागं. एक माणूस कमी पडत होतं. त्यांनी मायला हाक मारली.

"मला कावून?"

"वजनाला."

"माजं कुटं वजन ऱ्हायलंय आता," असं म्हणत ती हसत हसत आली. येताना लुगडं बदलून आली. इतके आठवडे आम्ही तिच्यासाठी गाड्या बघत होतो आणि ती गाडीत बसली ती पहिल्यांदाच, तीही वजन म्हणून.

आम्ही लिंबागणेशच्या रस्त्याला लागलो. मागून अण्णांच्या सूचना चालूच होत्या. गिअर बदल, ब्रेक कमी मार, समोर टँकर थांबलाय तर गाडी बंद कर. उभ्या गाडीत पेट्रोल जाळलेलं त्यांना अजिबात खपत नसे. मी दर वेळी किल्ली फिरवून बंद करायची आणि दात खाऊन पुन्हा चालू करायची. भाई गप्प बसून देवाचं नाव घेत असावेत. आरशात मला माय दिसत होती. काच खाली करून ती वारा घेत होती. तिला ही गाडी लागली नव्हती. एसटीत एवढ्या अंतरात तिचा चेहरा पांढरा पडायचा.

तलावाच्या वळणाला गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. बाटली संपली होती. भाई उतरून बॉनेट उघडून नळी पुन्हा टाकीला जोडायला लागले. अण्णाही उतरले आणि मीटरवरचा आकडा वाचायला माझ्या बाजूच्या खिडकीतून आत वाकले. रिकामं माप त्यांच्या हातातच होतं.

तेवढ्यात माय मागून म्हणाली, "अवो, तळं भरलंय की. पानी कसं लखलखायलंय."

मी डावीकडे बघितलं. तलावात थेंब नव्हता. गाळ वाळून पांढरा पडला होता आणि त्यावर दुपारचं ऊन तळपत होतं. मधोमध एक ट्रॅक्टर उभा होता, चार-सहा माणसं गाळ भरत होती. एवढा मोठा ट्रॅक्टर, तोही तिला दिसत नव्हता. मी काही बोलणार, तोच अण्णांनी खिडकीतून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला.

"व्हय," ते तिला म्हणाले. "निम्मं भरलंय."

"कुटं पडला आसंल एवढा?"

"वर पडला आसंल."

ज्या माणसानं चुलत्याचं दूध परत पाठवलं, त्यानं कोरड्या तलावाला निम्मं माप दिलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा एवढा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. ते मीटर न बघताच सरळ झाले, बॉनेटकडे गेले आणि म्हणाले, "भाई, गाडी आमची. आज ठिवून जावा."

"अण्णा, आकडा तर बगा."

"ऱ्हाऊ द्या."

भाईंना काहीच कळेना. एवढी मापं काढणारा माणूस, आणि आता घासाघीसही करत नाही. परतताना गाडीत एकटी मायच बोलत होती. तळं भरलं तर म्हशी छावणीतून घरी आणता येतील, असं ती सांगत होती. अण्णा हूं हूं करत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी माय-अण्णांना घेऊन औरंगाबादला गाडी काढली. शाळेत रजेचा निरोप बीडमधून जाता जाता दिला. डॉक्टर चिडले नाहीत, चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी तपासून सांगितलं की डाव्या डोळ्याची आशा फारशी धरू नका, उजव्यासाठी नेटानं प्रयत्न करू. अण्णांनी विचारलं, "दोन म्हयने आदी आलो आसतो तर?" डॉक्टर म्हणाले, आता आलात ना, आता खाडा करू नका. बाहेर येऊन अण्णा बाकड्यावर बसले. मग मला म्हणाले, "गाडी मापत बसलो म्या, पोरी." मी त्यांना काहीतरी लागेल असं बोलणार होते. इतक्या रविवारांचा राग साठला होता. पण मायला बाहेर आणलं आणि तो विषय तिथंच राहिला.

नंतर एकही महिना चुकला नाही. माय मागच्या सीटवर आडवी होऊन जायची आणि तशीच यायची. निळी गाडी उन्हाळाभर धुळीनं माखलेलीच असायची, तिला कुणी धुतलं नाही. तिनं लिटरला किती दिलं हे मला आजही माहीत नाही. अण्णांनी पुन्हा कधी मापलं नाही. ते माप मात्र मायनं खरोखरच संस्थेत जाऊ दिलं नाही. राखेनं घासून त्यात ती चिंचा ठेवायची.

उन्हाळ्याच्या अखेरीस, लिंबागणेशला गणपतीच्या दर्शनाला जाऊन येताना आम्ही तिघं त्याच वळणावरून चाललो होतो. दुष्काळ तसाच होता. माय खिडकीशी बसली होती. डाव्या डोळ्यावर हात ठेवून ती बाहेर बघत होती.

"थांब गं," ती म्हणाली. मी गाडी कडेला घेतली. तिनं जरा निरखून पाहिलं. "अवो, तळ्यात तर धूळ उडायलीय. सगळं फुटलंय, भेगा पडल्यात. तुमी मला निम्मं भरलंय म्हनला व्हता."

मागून अण्णा म्हणाले, "म्हनलो व्हतो." त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "आन् तिकडं, पल्याडच्या बांदावर काय हाय?"

"शेळ्या हायत्या."

"किती?"

"लई हायत्या. येक काळी निराळी चरायलीय."

"आन् झाड?"

"बाभळ हाय. वाळलीय निम्मी."

"आन् बाभळीखाली?"

"मानूस बसलाय कुनीतरी. लाल पटक्याचा." ती वैतागली. "मी काय तुमचं दूध हाय का, एवढं तपासायला?"

अण्णा हसायला लागले. मी आरशात पाहिलं, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. पावसाकडे गाव डोळे लावून बसलेलं, आणि आम्ही तिघं कोरड्या तलावाकडे बघून हसत होतो. ते पुढं विचारतच राहिले, ट्रॅक्टर दिसतो का, डोंगर दिसतो का, त्याच्यावरचा खांब दिसतो का. आणि माय चिडत चिडत सगळ्याचं उत्तर देत राहिली. गाडी उभ्या जागी चालू होती, पेट्रोल जळत होतं, आणि अण्णा एकदाही बंद कर म्हणाले नाहीत.