माठावरचा त्रिकोण

इतकी वर्षं झाली, तरी तो दाखवण्याचा कार्यक्रम आठवला की माझं डोकं फिरतं. नौपाड्यातलं आमचं घर, मी नुकतीच बी. एस्सी. झालेली, आणि पोरीला पुढे शिकवायचं की उजवायचं यावर घरात रोज खडाजंगी. बाबा गणिताचे मास्तर, ते माझ्या बाजूचे. म्हणजे मी तसं धरून चालले होते.

डोंबिवलीचं स्थळ आलं. मुलगा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. लोक मुलीला स्वयंपाकाचं विचारतात, यानं सापेक्षतावाद विचारला! मला कोण आनंद! वेगानं जाणारं घड्याळ सावकाश चालतं वगैरे मी सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर. विश्वात कुठेही जा, हाच हिशोब लागू."

"कुठेही नाही," मी म्हटलं. "हा सापेक्षतेचा विशेष सिद्धांत, तो गुरुत्वाकर्षण धरतच नाही. एखादा प्रचंड जड तारा स्वतःच्याच वजनानं आकसत गेला, तर त्याच्याजवळ अवकाश आणि काळच वाकतात. तिथे हा हिशोब इवल्याशा जागेपुरताच." कृष्णविवर हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आलेला नव्हता.

त्याचा चेहरा पडला. आईनं मला डोळ्यांनी दटावलं. आणि बाबा हसून म्हणाले, "चुकलं तिचं. पोरीची जात, अर्धवट वाचते नि बोलते."

अहो, हे मला शिकवलं कोणी? त्यांनीच! घरातल्या माठावर खडूनं छोटा त्रिकोण काढून म्हणाले होते, "हा पाटीवरच्यासारखाच दिसतो ना? आता मोठा काढ. बघ, तीन कोन मिळून दोन काटकोनांपेक्षा जास्त भरतात. वाकलेल्या जागी पाटीची भूमिती चालत नाही, बाळ."

दुसऱ्या दिवशी निरोप आला. मुलगी पसंत. चूक दाखवली की गप्प बसते, हे विशेष आवडलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, जाऊन खरं काय ते सांगा," मी म्हटलं. त्यांनी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. मग पदराला खडू बांधून मीच डोंबिवलीला गेले, एकटी. त्यांच्याच घरात, त्यांच्याच माठावर त्रिकोण काढला. त्याची आई तोंडाला पदर लावून बघत राहिली. तो मात्र खाली बसून कोन निरखत म्हणाला, "खरंच की! मला हे कोणी सांगितलंच नव्हतं."

त्याच्या आईनं नकार कळवला, लग्न मोडलं. शिक्षणही तिथेच संपलं. "असल्या पोरीला आणखी शिकवून काय करू?" असं बाबा म्हणाले. माझे बाबा!

त्या मुलाचा मला कधीच राग आला नाही. त्याला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं.