फरशीखालचा तेलाचा डाग

मनवेलपाड्याच्या आमच्या घरातली एक फरशी आज अलगद उचलून आली. खाली कोबा गुळगुळीत, त्यावर तेलाचा काळा डाग.

काही वर्षांपूर्वी फरश्या बसवायचं काम सुरू करण्याआधी आईने तिथे दिवा लावला होता, त्याचंच तेल सांडलं होतं. मिस्त्री म्हणाला, "सगळा कोबा छिन्नीने टोचून खडबडीत करायला लागेल, नायतर फरशी धरनार नाय."

"आई, तू जुन्या घरी जा. मी उभा राहून टोचून घेतो," दादा म्हणाला.

संध्याकाळी तो भुवयांपर्यंत सिमेंटच्या धुळीने माखून आला. आईने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि मला सुनावलं, "बघ, भाऊ कसा राबतो!"

आज बघतो तर डागावर छिन्नीचा एक ओरखडा नाही. म्हणजे ती धूळ दादाने स्वतःच तोंडाला फासली होती, आणि आईने ती पदराने पुसली.