ताईंनी सोडवलेली जयवंता

जालना वेगळा जिल्हा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तीर्थपुरीच्या बाजारात जयवंता शेंगांचं टोपलं घेऊन बसली होती. वय असेल वीस-एकवीस. माहेर भोकरदनकडचं केदारखेडा. मेंढरांमागं फिरता फिरता शेतीला लागलेलं धनगराचं घर. सासर तीर्थपुरीजवळच्या एका वस्तीवर. लग्नाला चार वर्षं होऊनही मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं, भुजंगनं, दिवाळीनंतर दुसरी बायको आणली होती. जयवंताला त्यानं हाकलून दिलं नाही. मारलंही नाही. तिचं अंथरूण तेवढं आतून उचलून पडवीत टाकलं आणि बाकी सगळं पहिल्यासारखं चालू ठेवलं. शेत, शेण, पाणी, बाजार. कामाशिवाय तिच्याशी कुणी बोलेना. एकदा ती केदारखेड्याला निघून गेली, तर भावानं दोन दिवस जेवू घातलं आणि स्वतःच तिला परतीच्या एस.टी.त आणून बसवलं.

त्या दिवशी बाजारात एक बाई बैलगाडीवर उभ्या राहून भाषण करत होत्या. पांढरं लुगडं, चष्मा, साठीच्या पुढचं वय आणि आवाज मात्र बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा. त्या जुन्या जालन्याच्या उषाबाई. सगळे त्यांना ताई म्हणत. निजामाच्या राज्यात मुलींना शाळेत घाला म्हणून दारोदार हिंडलेल्या, पुढं बालविधवांची लग्नं लावून दिलेल्या आणि त्यापायी एकदा डोक्यात दगड खाल्लेल्या. भाषण संपल्यावर त्या शेंगा घ्यायला म्हणून जयवंतापाशी आल्या आणि तिथंच उकिडव्या बसल्या. चौकशी केली. जयवंतानं खाली बघत चार शब्दांत सगळं सांगितलं.

"तुला तिथं राहायचंय का?" ताईंनी विचारलं.

जयवंताला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. बापानं नाही, भावानंही नाही. मग तिनं टोपलं शेजारच्या भाजीवालीकडं सरकवलं आणि ताईंच्या मागोमाग त्यांच्या जीपमध्ये जाऊन बसली.

ताईंचं सदन जुन्या जालन्यात, कापड बाजारामागच्या बोळात होतं. नवऱ्यानं टाकलेल्या बायका तिथं राहत. दहा-बारा लोखंडी खाटा, एक मोठं स्वयंपाकघर, शिवणाची यंत्रं आणि समोर उंच फाटक. बाजारातल्या दुकानांतून कापड यायचं, बायका परकर शिवून परत पाठवायच्या. जयवंता वर्षभरात सुबक शिलाई करू लागली. वाचायलाही शिकली, ताई स्वतः रोज दुपारी पाटी घेऊन बसत. ताईंनी तिचं प्रकरण कोर्टातही लढवलं. दुसरं लग्न केलंच नाही असं भुजंग बिनदिक्कत सांगून मोकळा झाला, आणि गावातून साक्षीला कुणी आलं नाही. पण घटस्फोटाला तो तयार झाला. निकालाच्या दिवशी ताईंनी सदनात शिरा करायला लावला.

सदनाचे नियम कडक होते. सात वाजता फाटकाला कुलूप. पुरुषांनी ओट्याच्या अलीकडं यायचं नाही. सिनेमा नाही, मोठ्यानं हसणं नाही, एकटीनं बाजारात जाणं नाही. "सगळं गाव आपल्याकडं डोळे लावून बसलंय," ताई म्हणत. "एक बोट दाखवायला जागा मिळाली की हे दार बंद झालं समजा." जयवंताला ते पटे. पडवीतल्या अंथरुणापेक्षा खाट बरी होती.

मग ताई तिला सभांना नेऊ लागल्या. पहिली सभा अंबडला झाली. बोलता बोलता ताईंनी तिला उभं केलं. "ही बघा जयवंता. मूल होत नाही म्हणून हिच्या नवऱ्यानं हिला गोठ्यात दाव्यानं बांधून ठेवलं होतं!" बायकांनी तोंडाला पदर लावले. मागं बसलेली एक म्हातारी रडायला लागली. जयवंता मान खाली घालून उभी राहिली.

परतताना जीपमध्ये ती हळूच म्हणाली, "ताई, त्यानं बांधलं न्हवतं वो मला."

"माहितीय मला."

"मंग?"

"अंथरूण पडवीत टाकलं एवढंच सांगितलं तर कोण ऐकेल? निम्म्या घरांत तसंच चाललंय. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, जयवंता. दावं म्हटलं की ऐकतात."

आणि खरोखर ऐकत होते. त्या सभेनंतर आठवडाभरात अंबडकडच्या दोघीजणी सदनात आल्या. एकीच्या पाठीवर वळ होते. तिनं जयवंताचे हात हातात घेतले. "तुमचं ऐकलं अन् धीर आला," म्हणाली. त्यानंतर जयवंतानं तो विषय पुन्हा काढला नाही. परतूर, बदनापूर, मंठा, जिथं नेतील तिथं ती उभी राहिली. पुढं पुढं तिला दाव्याची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगता येऊ लागली. सांगताना रडूही येई. कुणासाठी येतं, ते तिला कळत नसे.

राधाकिसन हा कापड दुकानातला माणूस. हातगाडीवर कापडाचे तागे आणायचा, शिवलेले परकर मोजून न्यायचा. बायको बाळंतपणात गेलेली, घरी म्हातारी आई. ओट्यापलीकडं उभा राहून तो जयवंताशी कामाचं बोलायचा. त्यातच कधी सांगायचा की आज आईनं पिठलं केलं, की नळाला पाणी आलं नाही. असं तीन-चार वर्षं चाललं. एकदा दोघं ताग्याच्या गाठी सोडत असताना तो म्हणाला, "आई म्हणून राह्यली, घरात माणूस पायजे. मला दुसरं कोणी सुचंना. तुमच्या मनात असंल तर मी बाईसाहेबांना इचारतो. नसंल तर आत्ताच सांगा, मंग हा इषय खतम."

जयवंतानं गाठ सोडवायची थांबवली. "इचारा," म्हणाली.

ताईंनी त्याचं शांतपणे ऐकून घेतलं, त्याला चहा दिला आणि "कळवते" म्हणून पाठवलं. मग जयवंताला खोलीत बोलावलं.

"हे होणार नाही."

"ताई, तुम्हीच तर इधवांची लग्नं लावली..."

"विधवेचं वेगळं. तिचा नवरा देवानं नेलेला असतो. तू नवरा सोडून आलेली. उद्या लोक म्हणतील, ही बाई संसार मोडते आणि दुसरे मांडून देते. मग कुठला बाप आपली मुलगी इथं पाठवेल?"

"आमच्यात सोडलेल्या बाईचाबी पाट लागतो, ताई. माझ्या आत्याचा लागला, मावशीचा लागला. कोणी नाव ठिवत न्हाई."

ताईंचा चेहरा एकदम कठोर झाला. "तेच तर सोडायचंय ना आपल्याला! एका खुंट्यावरून सुटायचं आणि दुसऱ्याला बांधून घ्यायचं. इतक्या बायका तुझ्याकडं बघून घराबाहेर पडल्या. त्यांना काय सांगू? जयवंतानं नवरा केला?" मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुला अडवत नाही. फाटक उघडं आहे. पण गेलीस तर परत येऊ नकोस. आणि माझं नाव कुठं सांगू नकोस."

मेंढरांमागं फिरणाऱ्या तिच्या अडाणी आत्याला जे सहज मिळालं होतं, ते शिकल्यासवरल्या ताईंच्या घरात राहून जयवंताला मिळेना. त्यात, ताई वाईट असत्या तर ती त्याच दिवशी निघून गेली असती. पण पाटीवर बोट धरून अक्षर काढून घेणारी हीच बाई. तापात उशाशी बसलेली हीच. जयवंता यंत्रावर जाऊन बसली आणि अर्धवट राहिलेला परकर तिनं पुरा केला. राधाकिसनला निरोप ताईंनीच दिला. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं, आणि त्यानंतर कापड घेऊन दुसराच माणूस येऊ लागला.

नव्वद साल उलटल्यावर ताईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. त्यांना अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं जयवंताकडं आलं. एका दुपारी वेणी घालून घेताना ताई अडखळत बोलू लागल्या. आपण बाराव्या वर्षी विधवा झालो, हे त्यांनी सभांमधून पुष्कळदा सांगितलं होतं. जे कधी सांगितलं नव्हतं ते आता सांगितलं. चोविसाव्या वर्षी एका मास्तरांनी त्यांना मागणी घातली होती. त्यांच्याही मनात होतं.

"मंग?"

"मी केलं असतं तर... लोक म्हणाले असते, हिला स्वतःलाच करायचं होतं, म्हणून ही बोलते. मग माझं कोण ऐकणार?" ताई धापा टाकत थांबल्या. "बारा घरच्या पोरींची लावली. स्वतःचं नाही." मग त्यांनी विचारलं, "जयवंता, तुझं मी नुकसान केलं का गं?"

जयवंताच्या हातात फणी तशीच राहिली. तोंडापर्यंत दोन्ही उत्तरं आली. "पडून राहा, ताई," ती म्हणाली, आणि तिनं वेणी बांधली. ताईंनी पुन्हा विचारलं नाही. पावसाळा संपता संपता त्या गेल्या.

शोकसभेत संस्थेचे अध्यक्ष अप्पाराव वकील यांनी जयवंताला बोलायला लावलं. समोर ताईंनी सोडवलेल्या शेकडो बायका बसल्या होत्या. जयवंतानं दाव्याची गोष्ट सांगितली. दुसरं काही सांगायची ती जागा नव्हती.

सदनाच्या किल्ल्या आता तिच्याकडं आल्या, आणि ती जयवंताबाई झाली. सात वाजता कुलूप तीच लावू लागली. आठ-दहा वर्षं अशी गेल्यावर बेबीनंदा नावाची बदनापूरकडची एक मुलगी तिच्यापुढं येऊन उभी राहिली. तिला एका रिक्षावाल्याशी लग्न करायचं होतं.

"फाटक उघडं हाये," जयवंताबाईच्या तोंडून निघालं, "पण गेलीस तर..." आणि ती मध्येच थांबली. आपल्या तोंडून ताईच बोलत आहेत, हे तिच्या ध्यानात आलं. बेबीनंदा वाट बघत उभी होती.

"त्याचं घर कुठं हाये?" जयवंताबाईनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन मुलाचं घर बघून आली, त्याच्या आईशी बोलली. आणि सदनाच्या अंगणातच लग्न लावून दिलं. सगळ्या बायका हसल्या, मोठ्यानं हसल्या. जयवंताबाईनं कुणाला गप्प केलं नाही.

अप्पाराव चिडले. "ताईंनी आयुष्य घालून कमावलेलं नाव तुम्ही एका दिवसात घालवलं," म्हणाले. तेवढं तिनं ऐकून घेतलं असतं. पण चार-सहा दिवसांतच मंठ्याकडच्या सोनूबाईचा बाप आला. नवरा पिऊन मारायचा म्हणून त्यानंच मुलीला इथं आणून सोडलं होतं.

"लग्नं लावायला न्हाई ठिवली मी पोरगी हितं. बिलकुल ठिवायची न्हाई आता. हिचा नवरा बरा म्हनायचा!"

जयवंताबाईनं हात जोडले, पण तो ऐकेना. सोनूबाईनं कात्री जागेवर ठेवली, कापडाची घडी केली आणि बापामागं निघाली. बापानं तिला सासरी नेऊन घातलं. महिन्याभरात आणखी दोघींना घरचे घेऊन गेले. ताई म्हणाल्या होत्या अगदी तसं झालं. बेबीनंदा पेढे घेऊन आली तेव्हा जयवंताबाईला पेढा गोडही लागला आणि गिळवेनाही.

त्याच सुमारास औरंगाबादहून कॉलेजच्या दोन मुली ताईंवर काही लिहायचं म्हणून आल्या. सगळं ऐकल्यावर एक म्हणाली, "म्हणजे उषाबाईंनी तुम्हाला कोंडूनच ठेवलं की हो!" जयवंताबाईला राग आला. "तुम्ही दोघी एकट्या एस.टी.नं आल्या ना हितं? ते कोणामुळं, ते इचारा आधी घरी." पण पुढच्याच महिन्यात ताईंच्या फोटोला हार घालून अप्पारावांनी त्यांना देवी म्हटलं, तेव्हाही तिला तसाच राग आला. त्या कार्यक्रमात तिनं बोलायला नकार दिला. घसा धरलाय, म्हणाली.

सोनूबाईला परत आणायचं म्हणून ती मंठ्याजवळच्या त्या गावी गेली. पहिल्या खेपेला सासूनं ओट्यावरूनच परत पाठवलं. दुसऱ्या वर्षी गेली, तर सोनूबाई आतूनच म्हणाली, "मी बरी हाये, तुम्ही जा." तिसऱ्या वर्षी सोनूबाई स्वतः बाहेर आली. कडेवर पोर, कपाळावर जुनी खोक. हापशावर जायचं निमित्त काढून ती जयवंताबाईला थोडं बाजूला घेऊन गेली.

"येती का परत? मी अप्पारावांशी भांडते."

"लेकरू घिऊन कुठं येऊ, बाई? लेकरावाल्या बायांना तिथं ठिवतात का?"

ठेवत नव्हते. तोही नियम ताईंचाच होता. सोनूबाईनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"एक सांगू? तुम्ही येऊन गेल्या की सासू चार दिवस दबून राहती. तिला वाटतं, जालन्याची बाई केस करीन. त्यालाबी गप करती. येत जावा."

"नुसती येऊ?"

"नुसत्या या. चहा प्या, जा."

तेव्हापासून जयवंताबाई महिन्यातून एकदा मंठ्याची गाडी धरते. सासू आत जाऊन चहा टाकते. सोनूबाई चुलीपाशी असते, पोर अंगणात खेळत असतं. नवरा घरी असला तर नमस्कार करून मागच्या दारानं निघून जातो. जयवंताबाई पाठ ताठ ठेवून ओट्यावर बसते. सावकाश चहा पिते, कप खाली ठेवते, आणि मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, पुढच्या महिन्यात येते म्हणून सांगते.